खगोलशास्त्राची पदवी, नग एक

मी खरेदी विभागातला माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे घडलं त्याचा दोष माझ्या स्वभावाला न देता माझ्या खात्याला देता येईल. सरकारी रुग्णालयासाठी कापूस, खाटा, फिनेल, चादरी आणि ढकलखुर्च्या विकत घेण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. या सत्तावीस वर्षांत माझ्या एकाही फायलीला कोणी बोट लावलेलं नाही. घरीसुद्धा तीन कोटेशनं आल्याशिवाय मी पंखा घेत नाही. आमच्या मुलीने स्वतःचं लग्न परस्पर ठरवलं याचं मला मुळीच दुःख नाही. जावई चांगला आहे. पण एकच प्रस्ताव आला आणि तोच मंजूर झाला, ही पद्धत मला अजून पटलेली नाही.

तर एका रविवारी सकाळी माझी बायको वह्या तपासत बसली होती. ती माध्यमिक शाळेत चोवीस वर्षं गणित शिकवते. वहीतून मान वर न करता ती म्हणाली, "रजा मंजूर झाली. मी खगोलशास्त्रात एम.एस्सी. करणार आहे."

ही रजा म्हणजे दोन वर्षांची अभ्यासरजा. नऊ वर्षांत तिने तीनदा अर्ज केला, दोनदा तो फेटाळला गेला, आणि आता मिळाली ती अशा अटीवर की पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठाचं प्रवेशपत्र शाळेत दाखल करायचं. नाही केलं तर रजा रद्द. पुढच्या वर्षी ती पन्नाशी पूर्ण करणार होती आणि पन्नाशीनंतर अभ्यासरजा नाही असा नियम आहे. म्हणजे जे काही व्हायचं ते पुढच्या सात आठवड्यांत, नाहीतर कधीच नाही.

"कुठलं विद्यापीठ?" मी विचारलं.

"तेच बघतेय."

"बघतेयस म्हणजे कशावरून? निकष काय लावलेस?"

तिने लाल पेनाला टोपण लावलं. "मला दुर्बीण चालवायला मिळाली पाहिजे. माझ्या हाताने. बाकी मला काही नको."

मी हसलो. एका निकषावर खरेदी! आमच्याकडे साधी बादली घ्यायची तरी अकरा निकष असतात. "हे तू माझ्यावर सोड," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. ही नजर माझ्या ओळखीची आहे. तीन वेळा नापास झालेला विद्यार्थी आपण होऊन फळ्याकडे निघाला की तिचा चेहरा असाच होत असणार. "सोडते," ती म्हणाली, "पण शेवटचा निर्णय माझा."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या कागदावर आणि स्वतःच्या तिकिटांवर (हे मुद्दाम नोंदवून ठेवतो), मी सात विद्यापीठांना पत्रं लिहिली. मजकूर नेहमीच्या नमुन्यातलाच ठेवला. नमुना चांगला असला की त्यात कापूस घाला नाहीतर आकाश, तो चालतो. वस्तूचे वर्णन: खगोलशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, नग एक. पुरवठ्याचा कालावधी: दोन वर्षे. नमुना सोबत जोडावा. हमी किती काळाची ते स्पष्ट लिहावे. मालात दोष असल्यास आधी कळवावेत, मागाहून तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. विक्रीनंतरच्या सेवेचे स्वरूप. आणि सगळ्यात शेवटी ते आमचं लाडकं वाक्य, की कोणताही प्रस्ताव कारण न देता नाकारण्याचा अधिकार खाली सही करणाऱ्याने राखून ठेवला आहे. हे वाक्य लिहिताना माझ्या पाठीचा कणा नेहमीच थोडा ताठ होतो.

सही केली, आणि सत्तावीस वर्षांची सवय असलेला हात आपोआप शिक्क्याकडे गेला. सातही पत्रांवर "खरेदी अधीक्षक, जिल्हा रुग्णालय" असे ठसठशीत जांभळे ठसे उमटले. जावक टेबलावरच्या बाईंनी शिक्का बघितला, क्रमांक टाकला आणि पत्रं रवाना केली. माझ्या हे लक्षातही आलं नाही. उलट दिवसभर मला फार बरं वाटत होतं.

बातमी इमारतीत कोणी फोडली ते कळलं नाही, पण मंगळवारपासून सल्ल्यांची रीघ लागली. समोरच्या घरात बँकेचे निवृत्त मॅनेजर राहतात. ते दार न वाजवता येतात आणि बसायच्या आधी बोलायला लागतात. "विद्यापीठ म्हणजे नाव," ते म्हणाले. "नाव मोठं तर सगळं मोठं. त्या मोठ्या विद्यापीठातच घ्या. माझा पुतण्या तिथे होता." पुतण्या तिथे काय शिकला असं विचारल्यावर कळलं की तो तिथे पोहण्याच्या स्पर्धेला गेला होता. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना एकच शंका होती: "यात पुढे प्रॅक्टिस काय करता येते?" वरच्या मावशी म्हणाल्या, "हे सगळं रात्रीचं शिकवतात म्हणे. मग भावजींच्या जेवणाचं काय?" आता, आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक गेली नऊ वर्षं मी करतो. मावशी त्यातलं अनेकदा जेवल्यासुद्धा आहेत आणि "वहिनींच्या हाताला चव आहे" म्हणून गेल्या आहेत. मला ते आत कुठेतरी लागलं ते लागलंच.

आपल्या मुलांचं भविष्य बघून मिळेल का, असं विचारायला एकंदर अकरा जण आले. बायकोने अकराही जणांना हसतमुखाने सांगितलं, "बघते ना. त्यांच्या गणिताच्या वह्या घेऊन या." वह्या घेऊन कोणीही आलं नाही.

मग उत्तरं यायला लागली. पहिल्या विद्यापीठाने कळवलं की आपली मागणी विहित नमुन्यात नाही. या विद्यापीठाबद्दल मला एकदम आदर वाटला. दुसऱ्याने पत्र आपल्या वैद्यकीय शाखेकडे पाठवलं आणि तिथून विचारणा आली की आपल्या रुग्णालयात खगोलशास्त्राच्या किती खाटा आहेत. तिसऱ्याने काहीच कळवलं नाही, पण तिथल्या कोणीतरी ते पत्र दुर्बिणी विकणाऱ्या एका कंपनीला दिलं असावं. कारण पुढच्या बुधवारी सकाळी टाय लावलेला एक विक्रेता तिपाई आणि पुरुषभर लांबीची दुर्बीण घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या मोठ्या दालनात उभा राहिला, आणि प्रात्यक्षिकासाठी त्याने ती खिडकीतून बाहेर रोखली.

मी पोचलो तेव्हा तिच्यामागे चाळीस माणसांची रांग होती. डोळे तपासायचं नवीन मशीन आलंय अशी सगळ्यांची समजूत झाली होती. रांगेला शिस्त लावायला कोणीतरी नंबरही वाटले होते. एक आजोबा डोळा लावून बघत होते आणि मोठ्याने सांगत होते, "पलीकडच्या गच्चीवरच्या बाईंच्या हातातलं वर्तमानपत्र वाचता येतंय! कालचं आहे!" मोतीबिंदू खाडकन बरा झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. डोळ्यांच्या विभागाचे डॉक्टर दारात कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्याकडे त्या दिवशी एकही पेशंट आला नव्हता.

मला वर बोलावणं आलं. आमच्या रुग्णालयाच्या प्रमुख, मोठ्या डॉक्टरीणबाई, मितभाषी आहेत. त्यांच्या टेबलावर माझ्या पत्राच्या तीन प्रती होत्या.

"खगोलशास्त्र आपल्या कुठल्या वॉर्डात लागतं?" त्यांनी विचारलं.

तीन दिवसांत लेखी खुलासा करा, असा मेमो मला मिळाला. मेमो! सत्तावीस वर्षांत पहिला! इतरांना दिलेल्या मेमोंच्या प्रती मी किती शांतपणे फायलीला लावल्या होत्या. तो कागद हातात घेऊन जिना उतरताना मला वाटलं, शिपायापासून पेशंटपर्यंत सगळे माझ्याचकडे बघताहेत. प्रत्यक्षात सगळे दुर्बिणीकडे बघत होते.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही आईच्या ॲडमिशनचं टेंडर काढलंत?" एवढंच बोलून ती इतकी हसली की जावयाने फोन घेतला, आणि मग तोही हसला. बायको हसली नाही. ती म्हणाली, "मी येऊन सांगू का बाईंना?" त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

मी चार पानी खुलासा लिहिला, त्याला परिशिष्टं जोडली. मोठ्या बाईंनी पहिलं पान वाचून बाकीची तीन परत दिली. "बायकोसाठी केलंत?"

"हो."

"हा शिक्का इथे ठेवून जात जा जेवणाच्या सुट्टीत," त्या म्हणाल्या. मग मेमोवर "तोंडी ताकीद दिली" असं लिहून त्यांनी तो मिटवला. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून विचारलं, "शेवटी कुठे जाणार आहेत त्या?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी तुलनात्मक तक्ता केला होता! सात विद्यापीठं आणि तेवीस रकाने. वसतिगृह, ग्रंथालय, उपाहारगृह, पिण्याचं पाणी, जिन्याच्या पायऱ्यांची उंची, बस थांब्यापासूनचं अंतर. सगळी माहितीपत्रकं मागवून, फोन करकरून मी तो भरला होता. मोठं विद्यापीठ एक्क्याण्णव गुण घेऊन पहिलं आलं. सगळ्यात शेवटी, चौतीस गुणांवर, टेकडीवरचं एक लहानसं विद्यापीठ होतं, ज्याचं उपाहारगृह सोमवारी बंद असतं.

पण माझ्या पत्राला रकान्यांबरहुकूम उत्तर दिलं होतं ते फक्त या टेकडीवाल्यांनी. विभागप्रमुखांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं:

"वस्तूचे वर्णन: मान्य. पुरवठ्याचा कालावधी: दोन वर्षे, ढग असल्यास अडीच. नमुना: पाठवता येत नाही, जागेवर येऊन पाहावा, दुपारी आलात तरी चालेल. हमी: आकाशाची आहे, इमारतीची नाही. विक्रीनंतरची सेवा: जुने विद्यार्थी अजूनही घुमटाचं छप्पर ओढायला येतात. मालातील दोष: दुर्बीण फिरवणारी मोटर तीन वर्षं बंद आहे. आकाश सरकेल तसं चाक हाताने फिरवावं लागतं. त्यामुळे वर्षाला चारच विद्यार्थी घेतो आणि चौघांचेही हात ग्रीसने काळे होतात."

बायकोने ते पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ती खुर्चीत बसली. "इथे जाऊ या," ती म्हणाली.

"चौतीस गुण आहेत त्यांना!"

"तुमच्या तक्त्यात दुर्बिणीचा रकाना कुठाय?"

मी तक्ता पाहिला. उलटून पाहिला. तेवीस रकाने होते. उपाहारगृहाला सहा गुण होते आणि सायकल लावायच्या जागेला दोन. "ते 'इतर सुविधा'त येतं," मी म्हणालो. माझ्या आवाजात दम नव्हता हे मलाच ऐकू आलं. तिने माझ्यादेखत मोठ्या विद्यापीठाला फोन लावला. तिथल्या बाई अदबीने म्हणाल्या की दुर्बीण आहे, फार मोठी आहे, आणि तिसऱ्या सत्रात साठ जणांची सहल नेऊन ती काचेपलीकडून दाखवतात.

तरीही अर्ज दोन्हीकडे करायचा असं मी ठासून सांगितलं. चार जागांवर कोणी विसंबतं का? झालं, मोठ्या विद्यापीठाचा अर्ज भरायला बसलो आणि दुसऱ्याच रकान्यात अडलो. जन्मवर्षाची यादी जिथे संपत होती, तिथून बायकोचा जन्म अजून नऊ वर्षं मागे होता. फोन केला. तिकडचा आवाज म्हणाला, "मॅडमना सांगा, सगळ्यात खालचं वर्ष निवडा. चालतं."

"मला नाही चालत," बायको म्हणाली. "नऊ वर्षं लहान होऊन मी कुठे शिकायला जाणार नाही."

इथे मात्र माझं रक्त उसळलं. मी त्यांच्याच नियमावलीतलं "वयाची अट नाही" हे कलम शोधलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि असं एक पत्र लिहिलं की वाचणाऱ्याच्या पाचावर धारण बसावी. बिनशिक्क्याचं! चौथ्या दिवशी यादीत वर्षं वाढली. इतकी वाढली की आमच्या आजीलासुद्धा अर्ज करता आला असता. हा विजय मी मावशींपासून मॅनेजरांपर्यंत सगळ्यांना तपशीलवार सांगितला, काहींना दोनदा.

टेकडीवाल्यांची निवड परीक्षा शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी, दुपारी होती. दोन बस बदलून, वर अर्धा तास चढून आम्ही घुमटापाशी पोचलो. बावीस-तेवीस वर्षांची दहाबारा मुलं-मुली पायऱ्यांवर बसली होती. पहारेकरी बायकोला म्हणाला, "पालकांनी खाली थांबायचं."

"बरोबर आहे," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हे पालक. उमेदवार मी."

विभागप्रमुख म्हणजे स्लीपर घातलेले, हातात तेलाची बुधली घेतलेले एक उंच गृहस्थ निघाले. त्यांनी प्रत्येक उमेदवाराला सूर्य आणि ग्रहांच्या जागांचा छापील तक्ता, पेन्सिल आणि कागद दिला, मोबाइल काढून घेतले आणि घुमटाच्या फटीतून दिसणाऱ्या निळ्याशार आभाळाकडे बोट केलं. "शुक्र आत्ता वर आहे. उन्हामुळे दिसत नाही एवढंच. गणित करा, दुर्बीण लावा आणि मला दाखवा. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं."

बायकोचा नंबर सातवा होता. वाट बघून माझा जीव वरखाली व्हायला लागला म्हणून मी पाणी प्यायला खाली गेलो आणि चुकून भांडारपालांच्या खोलीत शिरलो. कपाटावर "दुर्बीण मोटर" अशी चिठ्ठी लावलेली, धुळीने भरलेली फाइल होती. अशी फाइल दिसली की माझे हात शिवशिवतात. "तीन वर्षं का पडून आहे ही?" मी विचारलं.

"तीन कोटेशनं लागतात," भांडारपाल म्हणाले. "आणि मोटर बनवणारा जगात एकच आहे."

"मग एकमेव उत्पादकाचा दाखला लावा! त्याला एकच कोटेशन चालतं!" मी जवळजवळ ओरडलोच. त्यांना तो दाखला ठाऊक नव्हता. मी तिथल्या तिथे कागद ओढून त्याचा मसुदा लिहिला. भांडारपालांनी मला स्वतःच्या डब्यातली बिस्किटं दिली आणि विचारलं, "साहेब, आपण कोण?" सांगणार तेवढ्यात जिन्यावर बायको दिसली. मी काय उद्योग केला ते तिने एका नजरेत ओळखलं आणि मला बाजूला घेतलं.

"यादी लागेपर्यंत त्या मोटरबद्दल ब्र काढायचा नाही. मला माझ्या गणितावर घ्यायला हवं, तुमच्या दाखल्यावर नको."

मी भांडारपालांना नावही सांगितलं नाही. हे मला किती जड गेलं याची कल्पना फक्त खात्यातल्या माणसाला येईल.

तिच्या वेळेला मला दारात उभं राहू दिलं. तिने चार ओळींत गणित केलं, तक्ता पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि अंश दाखवणारी पितळी चकती बघत चाक फिरवलं. मग नळीला डोळा लावला. काही नाही. तिने गणित पुन्हा तपासलं. बरोबर होतं. पुन्हा चाक, पुन्हा डोळा. निळं आभाळ. बारा मिनिटं गेली. तिच्या आधीच्या सहापैकी पाच जण इथेच हात टेकून उतरले होते, आणि सहाव्याला तो योगायोगाने सापडला होता. माझ्या डोळ्यांसमोर नऊ वर्षं, तीन अर्ज आणि शुक्रवार संध्याकाळ येऊन गेली.

ती थांबली. पदराला हात पुसून स्वतःशीच म्हणाली, "उत्तर चुकतंय आणि गणित बरोबर आहे. म्हणजे पट्टी चुकीची आहे."

तिने दुर्बीण थेट सूर्याच्या दिशेला वळवली. मी "अगं!" म्हणून पुढे धावलो, पण तिने डोळा लावलाच नाही. नळीच्या मागे पांढरा कागद धरला. कागदावर सूर्याचा गोल झगझगीत ठिपका पडला. तो बरोबर मध्यावर आणून तिने पितळी चकती वाचली आणि छापील तक्त्यातला सूर्याचा आकडा वाचला. दोहोंत दीड अंशाचा फरक होता. तीन वर्षं हाताने ढकलून ढकलून चकती सरकली होती! तिने दीड अंश वजा केला, चाक फिरवलं आणि डोळा लावला.

मग ती विभागप्रमुखांना म्हणाली, "बघा सर."

त्यांनी पाहिलं. "चकती सरकलीय हे मी गेली तीन वर्षं कोणालाच सांगत नाही," ते म्हणाले. "बघतो, कोण विचारतं." मग ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, "पालकांनीही बघायला हरकत नाही."

निळ्या आभाळात शुक्र एका इवल्याशा पांढऱ्याशुभ्र अर्ध्या चंद्रासारखा थरथरत होता. भरदुपारी. मी सरळ सांगतो, मला रडू आलं. मी डोळा काढला आणि उन्हाचा त्रास होतोय असं म्हणालो.

शुक्रवारी सकाळी दोन्हीकडची पत्रं आली. मोठ्या विद्यापीठात साठांत तिचा नंबर चोविसावा होता आणि टेकडीवर चौघांत पहिला. तिच्या निवडीची खात्री झाल्याबरोबर मी भांडारपालांना फोन करून नाव, हुद्दा आणि दाखल्याचं कलम, सगळं एका दमात सांगितलं. पोट हलकं झालं.

तीन वाजता आमच्या घरात सगळी इमारत जमली. मॅनेजर तर अर्ज त्यांनीच केल्यासारखे पेटले होते. "वहिनी, हात जोडतो! मोठं नाव सोडून त्या पडक्या घुमटात? तुमच्या यजमानांचाच तक्ता बघा ना, एक्क्याण्णव आणि चौतीस!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो तक्ता मी सहा रात्री जागून केला होता. "तक्ता चुकला," मी म्हणालो. "नको त्या गोष्टी मोजल्या." खरेदी विभागातल्या माणसाने चारचौघांत असं म्हणणं म्हणजे काय, ते जाऊ द्या.

"मी टेकडीवर जाणार आहे," बायको म्हणाली. "आणि का ते दाखवते. चला खाली." ती चपला घालून निघालीसुद्धा. आम्ही सगळे मागोमाग.

अंगणात तिने सगळ्यांना इमारतीच्या सावलीत, सूर्य भिंतीआड राहील असं उभं केलं. घड्याळ पाहिलं, हातावर पेनाने दोन आकडे मांडले आणि वरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. "टाकीच्या डाव्या कडेवरून सरळ वर. चार बोटं अंतर. लांब बघा, दूरच्या डोंगराकडे बघतो तसं. घाई करू नका."

दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला नाही दिसत." मावशी म्हणाल्या, "काय दिसायला हवंय?" मला डोळ्यांपुढे नुसते किडे दिसत होते. आणि एकाएकी मॅनेजर किंचाळले.

"तो काय! अहो, तो काय! पांढरा! भरदुपारी!"

मग मावशींना दिसला, मग डॉक्टरीणबाईंना, मग एकेकाला. दिसला, दिसला, असा नुसता गलका झाला. मला एकट्यालाच दिसेना. तेव्हा बायको माझ्या मागे आली, दोन्ही हातांनी माझं डोकं धरून तिने ते किंचित डावीकडे वळवलं. ग्रीसचे डाग अजून तिच्या नखांत होते. "आता हलू नका," ती म्हणाली. मी हललो नाही. आणि तो तिथेच होता, टाचणीच्या टोकाएवढा, एवढा स्वच्छ की इतका वेळ कसा दिसला नाही याचंच नवल वाटावं.

"वहिनी, चार वाजले!" मॅनेजर मान खाली न घेता ओरडले. "जा, ते पत्र देऊन या आधी! टेकडीचंच द्या! मी इथे थांबतो, मला हा हरवायचा नाहीये."

आम्ही दोघं अक्षरशः पळत शाळेत गेलो. कार्यालयातल्या कारकुनाने प्रवेशपत्र पाहिलं, रजेच्या आदेशाला जोडलं आणि पाचला वीस मिनिटं कमी असताना पोच दिली. बायको पायरीवर बसली आणि मोठ्याने हसली. चोवीस वर्षांत तिला शाळेच्या आवारात असं हसताना कोणी पाहिलं नसेल.

परत आलो तेव्हा मॅनेजर अंगणात तसेच उभे होते. सूर्य कलल्यामुळे ते सावलीबरोबर चार पावलं सरकले होते, पण मान वरच होती. फाटकापाशी पोस्टमन, दूधवाला आणि रस्त्याने जाणारी पाचसहा अनोळखी माणसं माना वर करून उभी होती, आणि मॅनेजर त्यांना दरडावून सांगत होते, "धक्काबुक्की करू नका. सगळ्यांना दिसेल. आमच्या वहिनींचा आहे तो."